चेहरा सारखा हलतो

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात चौघे बोलले आणि चौघांनीही तुम्ही मितभाषी होता असं सांगितलं. मी पांढरी साडी नेसून पुढच्या सतरंजीवर बसले होते. उठून सांगावंसं वाटलं, की नव्हते हो मितभाषी. मितभाषी माणूस जेवायला आलेल्या पाहुण्यांना सिग्नलच्या रिलेबद्दल पाऊण तास सांगत बसत नाही, त्यांचा भात निवला तरी. तुमच्या खात्यातले तुमच्यानंतर लागलेले साहेब माईकवर म्हणाले, "वाघमारेसाहेब कुणाच्या अध्यातमध्यात नसायचे." ते खरं होतं. पण ते कसं नसायचे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

उठायचा कंटाळा आला. खरं सांगायचं तर सगळ्याचाच कंटाळा आला आहे. रोज कुणीतरी येतं, मी चहा टाकते, ते म्हणतात, "फार शांत माणूस," मी मान हलवते. कुणाला काही समजावून सांगायची ताकद आता उरलेली नाही. तुम्हाला मात्र सांगायचं आहे. समोरासमोर बोललेलं तुम्हाला अर्धंच पोचायचं, लिहिलेलं पूर्ण पोचायचं. म्हणून लिहिते.

नांदेडहून लग्न होऊन मी सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, तेव्हा तुम्ही माझ्या कानाकडे बघून बोलायचात. कधी कानाकडे, कधी माझ्या मागच्या भिंतीकडे. मला वाटलं, मी तुम्हाला आवडले नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, लाजाळू आहेत, होईल सवय. मी सवय व्हायची वाट पाहिली. नवी साडी नेसून एकदा विचारलं, "कशी दिसते?" तुम्ही वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "एक निरी उलटी गेली आहे." गेली होती खरंच. मी ती सरळ केली आणि त्या दिवसापासून विचारणं सोडलं.

बेगम बाजारचा प्रसंग तुम्हाला शब्दन् शब्द आठवायचा, म्हणून तो परत लिहायला नको, पण मला लिहायचा आहे. उन्हाळ्यात वर्षाची मिरची-हळद घ्यायला आपण गेलो होतो. मी भाव करत होते, तुम्हाला गर्दी सहन होत नव्हती, तुम्ही दर मिनिटाला "झालं का" विचारत होता. मी चिडून म्हटलं, "जा तुम्ही. मी घेते माझं माझं." पिशवी बांधून मागे वळले तर तुम्ही नव्हता. मी त्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. दुकानदार दोनदा विचारून गेला, "कोई आने वाले हैं क्या अम्मा?" मी दोनदा हौ म्हटलं. शेवटी ऊन उतरल्यावर मिरचीची पिशवी घेऊन बसमध्ये चढले, घरी आले. तुम्ही पेपर वाचत होता. मी दारातच रडायला लागले. तुम्ही घाबरून उभे राहिलात आणि म्हणालात, "तूच म्हणलीस ना, जा म्हणून?"

तुमचा चेहरा अगदी खरा होता. मला तो निर्ढावलेला वाटला.

आणि आई गेली तेव्हाचं. माझ्या माहेरच्या ओट्यावर बायका रडत होत्या, आईला नुकतंच नेलं होतं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या भावाला विचारलंत, परतीची गाडी किती वाजता आहे. मोठ्यानं. सगळ्या ओट्यानं ऐकलं. सिकंदराबादला आल्यावर मी तुमच्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करायचे, ताट वाढायचे, शाळेत शिकवायला जायचे, आपल्या पोरीशी, प्रज्ञाशी बोलायचे, तुमच्याशी नाही. कित्येक महिने. मी वाट बघत होते तुम्ही कधी विचारता. शेवटी मीच थकले आणि म्हटलं, "एवढे दिवस मी बोलत नाही, काही वाटतं का?" तुम्ही आश्चर्यानं म्हणालात, "बोलत नव्हतीस? मला वाटलं घरात शांतता आहे. बरं वाटायलं होतं."

यावर माणसानं हसावं की काय करावं? आता हसू येतं. तेव्हा मी आत जाऊन कणकेवर राग काढला होता.

असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, मी फक्त भोगलं. तसं नव्हतं. लग्नानंतर मी डी.एड.ला बसायचं म्हटलं तेव्हा घरात एकट्या तुम्हीच "का?" विचारलं नाहीत. वर्षभर रोज सकाळी माझा डबा तुम्ही भरलात. रोज बटाट्याची भाजी, रोज एकाच मापाच्या फोडी. मैत्रिणी हसायच्या. मीही हसायचे आणि पुसून खायचे. तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. तुम्हाला ते जमायचंच नाही, हे मला पुढे कळलं, पण ज्या बायकांचे नवरे खोटं बोलतात त्यांना विचारा, जमत नाही म्हणून का असेना, हे किती मोठं असतं.

मग मित्रा आली. आपल्या प्रज्ञाची पोर, आपली एकुलती नात. पहिलीत गेली तरी शाळेत कुणाशी खेळेना, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली जाई, आणि बोलायला लागली की मेट्रोची सगळी स्टेशनं ओळीनं म्हणून दाखवी. प्रज्ञा तिला चिक्कडपल्लीच्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आपण दोघं सोबत गेलो. डॉक्टर बाई प्रज्ञाला प्रश्न विचारत होत्या. मित्रा समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते का, असं त्यांनी विचारलं. प्रज्ञा काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "चेहरा सारखा हलतो. बघायचं कुठं?"

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. तुमच्याकडे वळून त्यांनी सावकाश विचारलं, "तुम्ही कुठं बघता, अंकल?"

"कानाकडं," तुम्ही म्हणालात. "कान हलत नाही."

कान. इतकी वर्षं तुम्ही माझा कान बघत होता, कारण तो हलत नव्हता.

मित्राला ऑटिझम आहे असं ठरलं. पुढे काही महिन्यांनी, तपासण्या आणि लांबलचक मुलाखती झाल्यावर, तुम्हालाही आहे असं ठरलं. प्रज्ञा रडली. तुम्ही लायब्ररीचे सभासद झालात. तुम्हाला एवढं उत्साही मी निवृत्तीनंतर कधी पाहिलं नव्हतं. त्याच डॉक्टर बाई मोठ्या माणसांच्या मेंदूवरच्या एका संशोधनात होत्या. तुम्ही आपण होऊन नाव दिलंत. ज्या माणसाला लग्नाच्या बँडचा आवाज सहन होत नाही, तो त्या एमआरआयच्या धडधडाटात निमूट पडून राहिला. बाहेर आल्यावर म्हणालात, "आवाज मोठा आहे, पण ठरावीक आहे. ठरावीक असला की चालतो."

नंतर बाईंनी आपल्याला बोलावून समजावून सांगितलं. मला त्यातलं बरंच आठवतं, कारण मी मास्तरीण, कुणी नीट समजावून सांगत असेल तर मन लावून ऐकते. मेंदूत आत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. भीतीशी आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याशी त्याचा संबंध असतो. कानाच्या वर, आतल्या बाजूला, समोरच्याची नजर कुठं वळली ते टिपणारा भाग असतो. कपाळाच्या मागं, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधणारा. आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्या. ऑटिझम असलेल्या पुष्कळ माणसांचे मेंदू बाकीच्यांशी ताडून पाहिले तर या भागांच्या आकारात, जाडीत, जोडणीत सरासरीनं थोडा फरक दिसतो. काही मुलांत लहानपणीच मेंदू भराभर वाढतो. पण सगळ्यांत तसं नसतं, आणि एका अभ्यासात दिसलेलं दुसऱ्यात दिसेलच असंही नसतं.

"माझ्या चित्रात काय दिसतं?" तुम्ही विचारलंत.

"तुमच्या वयाच्या माणसाचा मेंदू दिसतो," बाई म्हणाल्या. "एकट्याचं चित्र बघून कुणालाच सांगता येत नाही. तुमचं निदान तुमच्या आयुष्यावरून झालंय, या चित्रावरून नाही." आणि निघताना आणखी एक बोलल्या, की अडचण एकाच बाजूची नसते. ऑटिझम असलेल्याला बाकीच्यांचं मन ओळखता येत नाही, तसं बाकीच्यांनाही त्याचं ओळखता येत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणताहेत.

एवढं सगळं ऐकूनही ते चित्र तुम्ही घरी आणलंत आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलंत. करड्या रंगाचं, अक्रोड कापल्यासारखं. त्यावर बोट फिरवून म्हणालात, "इथं कुठंतरी आहे ते."

"काय?"

"तू ज्याला माझा स्वभाव म्हणतीस, ते."

मी म्हटलं, बाईंनी काय सांगितलं ऐकलं ना, यात काही दिसत नाही. तुम्ही म्हणालात, दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. मग म्हणालात, "मी मुद्दाम करत नव्हतो, सुमन."

"मुद्दाम करत होता असं मी कधी म्हटलं?"

"म्हणलीस. बेगम बाजारच्या वेळी म्हणलीस. आईच्या वेळी म्हणलीस. प्रज्ञाच्या लग्नात मी मांडवातनं उठून गेलो तेव्हा म्हणलीस."

तुम्हाला सगळं आठवत होतं. मला इतका राग आला. जन्मभर मनात साठवून ठेवलेलं भांडण, आणि तुम्ही एका करड्या चित्रानं त्यातली हवाच काढून घेत होता. मी म्हटलं, "मग आता मी भांडू कुणाशी? या मेंदूशी?"

तुम्ही चित्राकडे बघत विचार केलात. खरोखर विचार केलात. मग म्हणालात, "माझ्याशीच भांड. मेंदू माझाच आहे."

मी ताटं उचलली आणि आत गेले.

ते भांडण आपलं अपुरंच राहिलं. माझं म्हणणं मी नीट मांडलंच नाही, ते आता मांडते. तुम्हाला नाव मिळालं. नातेवाईक म्हणाले, अरेरे, किती त्रास झाला असेल त्यांना. झालाच असेल. पण माझ्या मेंदूचं चित्र कुणी काढलं नाही. जन्मभर मी तुमचं लोकांना आणि लोकांचं तुम्हाला समजावत आले. "त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, भाऊजी." "अहो, तो थट्टा करत होता." "त्यांची तब्येत बरी नाही, म्हणून जेवायला आत बसलेत." घरातून बाहेर पडताना, घरी परत आल्यावर, लग्नात, बारशात, मयतीला. तुम्ही मुद्दाम करत नव्हता हे कळल्यानं तुमच्यावरचा राग गेला, पण थकवा गेला नाही. थकव्याला कारण कळून काही फरक पडत नाही. एवढंच मला म्हणायचं होतं, आणि तेव्हा ते "आता कळून काय उपयोग" अशा वाकड्या शब्दांत निघालं. वाकडं बोललेलं तुम्हाला सरळ ऐकू यायचं. तुम्ही म्हणालात, "उपयोग आहे," आणि कामाला लागलात.

तुमचं काम म्हणजे ती पद्धत. मला काय होतंय ते मी तोंडानं सांगायचं, आणि मी विसरले तर तुम्ही विचारायचं. रागाचा आणि थकव्याचा चेहरा तुम्हाला सारखाच दिसायचा. मी भांडी जोरात ठेवली की दारात येऊन, माझ्या कानाकडे बघत, "राग आला की थकलीस?" सुरुवातीला मला लाज वाटायची. एवढं जग विचारल्याशिवाय ओळखतं आणि माझ्या घरात मला जाहीर करावं लागतं. एकदा मी म्हटलं, "दोन्ही." तुम्ही गोंधळलात. "दोन्हीचं काय करायचं?" मी म्हटलं, "थकव्याचं तुम्ही करा. रागाचं मी बघते." तुम्ही चहा केलात. त्यात आलं जास्त पडलं होतं. आपल्या संसारातला तो मला सर्वांत आवडलेला चहा आहे, आणि हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

शेवटची ती वर्षं चांगली होती. हेही मी सांगितलं नाही. रविवारी मित्रा यायची, तुम्ही दोघं गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचात, ती तिच्या मेट्रोच्या नकाशात आणि तुम्ही तुमच्या पुस्तकात. तासभर शब्द नाही. मग अचानक ती काहीतरी विचारायची, तुम्ही उत्तर द्यायचात, पुन्हा शांतता. तिला तुम्हाला समजवावं लागत नव्हतं आणि तुम्हाला तिला. मी पापड वाळत घालायच्या निमित्तानं वर यायचे आणि बघत राहायचे. मला हेवा वाटायचा. जे मला जन्मभर घाम गाळून जमलं नाही, ते त्या पोरीला बसल्या बसल्या जमत होतं.

आता दवाखान्याचं. हृदयाची झडप बदलायची होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नर्सनं तुमचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. तुम्ही हिरव्या कपड्यात छताकडे बघत पडला होता. बसस्टॉपवर उभे असल्यासारखा चेहरा. तुम्ही म्हणालात, "सुमन, तुला माझा चेहरा वाचता येतो का?"

"येतो की," मी म्हटलं. "इतकी वर्षं दुसरं काय केलं?"

"मग सांग, मला आता काय व्हायलंय?"

मी वाकून पाहिलं. नीट पाहिलं. "काही नाही," मी म्हटलं. "नेहमीसारखे आहात."

"मला भीती वाटायली," तुम्ही म्हणालात. गाडी उशिरा धावत असल्याचं सांगावं तशा आवाजात.

अडचण एकाच बाजूची नसते असं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, ते मला त्या क्षणी कळलं. मी तुमचा हात धरला. हलका स्पर्श तुम्हाला सोसत नसे, घट्ट चालायचा, म्हणून घट्ट दाबला. तुम्ही म्हणालात, "आणखी जोरात." मी दोन्ही हातांनी दाबला. मग ट्रॉली घेऊन माणसं आली.

त्यानंतर तुम्ही बोलण्याच्या स्थितीत आलाच नाहीत. मलाही भीती वाटतेय, एवढं म्हणायचं राहिलं. सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही, हे ठाऊक असून मी सांगितलं नाही. आता लिहिलं. वाटत होती. फार.

तुम्ही गेल्यावर घरात काय चाललं आहे तेही सांगते. प्रज्ञा मागे लागली आहे, हे घर भाड्यानं देऊ, तू आमच्याकडे राहायला ये. तिची नोकरी, मित्राची शाळा, तिचे थेरपीचे तास. "आई, तुझ्याइतकं तिला कुणीच समजून घेत नाही," असं ती म्हणते. चुकीचं नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय, मला दिसतं. पण पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा शाळेच्या बाईंना सांगा, पुन्हा पाहुण्यांना सांगा, हे डोळ्यांसमोर आलं की माझे पाय जड होतात. मी "बघू" म्हणत राहिले.

मागच्या आठवड्यात दोघी इथं जेवायला होत्या. प्रज्ञानं विषय काढला. मी म्हटलं, "बघू गं, एवढ्यात नको." मित्रा वरणभात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "आजीला यायचं नाहीये."

"मित्रा, असं मध्ये बोलू नये," प्रज्ञा म्हणाली.

"पण ती प्रत्येक वेळी बघू म्हणते. मोठी माणसं परत परत बघू म्हणाली तर ते नाही असतं. मी चेक केलंय."

अकरा वर्षांची पोर. तिला चेहरा वाचता येत नाही म्हणून तिनं बाकीचं सगळं नोंद करून नियम बसवला होता, आणि तो बरोबर होता. तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदा हसले. म्हटलं, "हो गं. नाहीच."

"मग नाही म्हण ना."

मी प्रज्ञाकडे वळले. "नाही येत मी, बाळा. माझ्याच्यानं आता होणार नाही."

प्रज्ञाचे डोळे भरले. तिनं ताटातली पोळी मोडली. आईकडून असं सरळ ऐकायची तिला सवय नव्हती. मलाही म्हणायची नव्हती. मित्रा आमच्या दोघींमधल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मी शनिवारी इथं येते. मम्मा तेव्हा झोपेल. आजी, तुझ्याशी बोलावं लागेल का?"

"नाही."

"मग येते."

काल शनिवार होता. प्रज्ञा तिला दारात सोडून गेली. मित्रा खिडकीपाशी भिंतीला टेकून बसली, नकाशे पसरून. मी आतल्या पलंगावर जरा आडवी झाले आणि झोपले. दुपारची, गाढ. उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, ती तिथंच होती, आणि घरात कुणालाच माझ्याकडून काही नको होतं. मी उठून दोघींना उप्पीट केलं. मीठ जास्त झालं होतं. तिनं तसं सांगितलं. मी वर लिंबू पिळलं, आणि आम्ही ते संपवलं.